रुमालातलं विरजण

दही लागलं नाही असं माझ्या हातून तीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. पूर्वी मी हे फुशारकीने सांगायची. आता कबुली म्हणून सांगते.

सांगलीत आमच्या पेठेत कुणालाही गुळवणींचं दही कुठे मिळतं ते विचारा, आमचं दार दाखवतील. दही, ताक, चक्का, श्रीखंड. विरजण माझ्या आईच्या आईचं. लग्नात आईने पितळी डब्यातून दिलं, त्याला आजवर खंड नाही. शेजारीण वाटी घेऊन दारात आली आणि मी नाही म्हटलं, असंही कधी झालं नाही. विरजणाला कुणी नाही म्हणतं का?

तर अशा घरात, जिथे दारूची बाटली कधी उंबरठ्याच्या आत आलेली नाही, आमच्या ह्यांच्या श्वासात दारू निघाली.

ती काढली फुंकणीने. गेल्या चार-पाच वर्षांत ती यंत्रं घरोघरी झाली आहेत. बोटभर नळी, सकाळी चूळ भरायच्या आधी फुंकायची. ती श्वासातले वायू हुंगते आणि दोन आकडे दाखवते. पोटात किती दारू तयार झाली हा एक, आणि यकृतात किती टक्के चरबी साठली हा दुसरा. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण आमच्या गल्लीत ती फुंकणीच.

"अहो डॉक्टर, हे सुपारीसुद्धा खात नाहीत!" मी दवाखान्यात जवळजवळ भांडायलाच उठले होते. हे बाजूला मान खाली घालून बसले होते, जणू खरंच चोरून पीत होते. श्रीनिवास गुळवणी, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. वर्गात कुणी खोटं बोललं तर ह्यांनाच घाम फुटायचा.

डॉ. बेडकीहाळ मिरजेच्या. बाई शांत. म्हणाल्या, "शुभदाताई, तुम्ही दह्यातल्या. तुम्हाला पटकन कळेल. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात, आणि तेही अन्न आंबवतच असतात. त्यातल्या काही जातींना साखर-पीठ मिळालं की त्या त्याची दारू करतात. आतड्यातलं रक्त सगळ्यात आधी यकृताकडे जातं. म्हणजे रोज थोडी थोडी दारू थेट यकृताला. वर हे जंतू आतड्याचं अस्तर विरळ करतात, मग त्यांचा कचराही झिरपतो. यकृत आधी चरबी साठवतं, मग सुजतं, मग वण पडत पडत दगडासारखं होतं. माणूस जाड असला की हे लवकर होतं. पण बारीक माणूसही सुटत नाही."

"मग आता?"

"ह्यांचं दगड झालंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवावा लागेल."

माझा रक्तगट जुळला नाही. जुळला आमच्या ऋजुताचा. एकुलती एक, सव्वीस वर्षांची, महापालिकेत पाणी तपासायच्या खात्यात नोकरीला. तिने तिथल्या तिथे, "माझं घ्या," असं सांगितलं. पण ऋजू अठ्ठ्याऐंशी किलोची. माझ्याच श्रीखंडावर वाढलेली, ताटात दोनदा वाढल्याशिवाय मी तिला कधी उठू दिलं नाही. तिने फुंकणी फुंकली. सव्वीस टक्के.

"दहाच्या खाली हवी," डॉक्टर म्हणाल्या. "चरबीने भरलेला तुकडा बाबांना जगवणार नाही, आणि मागे उरलेला हिला पुरणार नाही. सहा महिने आहेत. त्याहून जास्त मी धरत नाही."

सव्वीसचे दहा. तेवढं एकच गणित माझ्या डोक्यात राहिलं. झोपताना तेच, चक्का टांगताना तेच.

ह्यांना तोवर तग धरता यावा म्हणून डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत घातलं. आठवड्याला एक कॅप्सूल, आठ आठवडे. तिच्यात औषध नव्हतं, जंतू होते. दह्यातल्याच जातीचे, पण प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवा गुण घातलेला. आतड्यात बसून ते ती दारू खातात आणि अस्तर दुरुस्त करतात.

"मग ऋजूला पण द्या की!" मी म्हटलं.

"चाचणी फक्त यकृत कडक झालेल्यांसाठी आहे. दात्यांना देता येत नाही. माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो."

दह्यातल्याच जातीचे. हे शब्द माझ्या कानात जाऊन बसले. बेडकीहाळबाई पुढे बरंच काही सांगत होत्या, त्यांना कसलीशी खास साखर लागते, कॅप्सूलमध्ये ती साखर असते, वगैरे. मी ऐकायचं थांबले होते. दह्यातले आहेत ना? मग ते दुधात वाढणार.

तिसऱ्या आठवड्याची कॅप्सूल मी ह्यांना दिलीच नाही. "घेतलीत ना?" असं मीच उलट विचारलं, आणि ह्यांनी, विसरलो असेन बुवा, घेतली असेल, म्हणून मान हलवली. कॅप्सूल मी शेरभर कोमट दुधात उघडली. सकाळी बघते तर काय दही! सुरीने कापावं असं. वास जरा वेगळा, ओल्या नारळासारखा. दोन वाट्या काढल्या, एक ह्यांना, एक ऋजूला.

"आई, हे काय आहे?" ऋजू तपासनीस बाई, तिला लगेच वास आला.

"खा मुकाट्याने. मी आहे ना?"

आठ दिवसांत सव्वीसचे बावीस झाले. मी देवापुढे साखर ठेवली. तीन आठवड्यांनी सतरा. ऋजूला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तिने मला मिठी मारली आणि दोघी खिदळलो. दीड महिना झाला आणि फुंकणीवर चौदा उमटले. हे म्हणाले, "शुभदा, तुझ्या हाताला गुण आहे." मी अंगणात दोन इंच वर चालत होते म्हणा ना!

दही सुरू केलं त्याच आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर सत्यव्वा भेटली होती. जतच्याही पुढच्या एका वाडीवरची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिचा नवरा मायाप्पा काटकुळा, डोळे हळदीसारखे. त्याचं यकृत कडक व्हायच्या जरा अलीकडे होतं, म्हणून चाचणीत घेतला नव्हता. वर फुंकणी दारू दाखवायची, त्यामुळे गावात बदनामी झालेली.

"वैनी, माझा माणूस दारूला शिवत न्हाई," ती पदराने डोळे पुसत सांगत होती. "भावकी म्हंती चोरून पितोय. पोरीची सोयरीक मोडली वो."

माझं मन भरून आलं. आणि खरं सांगू? हातात विरजण असल्यावर मला गप्प बसवतच नाही. पण तिची वाडी चार तासांवर, त्यात उन्हाळा, दही नेलं असतं तर वाटेतच नासलं असतं. मग आमच्याकडे परगावी विरजण धाडायची जी रीत आहे तीच केली. धुवट रुमाल दह्यात बुडवायचा, सावलीत कडकडीत वाळवायचा, घडी करून डब्यात घालायचा. लेकी-सुना परदेशी जातात त्या असंच नेतात. तिथे दुधात तुकडा टाकला की दही तयार. मी आईचा, कोपऱ्यात निळं फूल भरलेला रुमाल घेतला, तिसऱ्या दिवशीच्या दह्यात भिजवला आणि पुढच्या खेपेला तिच्या हातात ठेवला.

"पण एक लक्षात ठेव," मी बजावलं, "एक तुकडा टाकलास की पुढे आदल्या दिवशीचंच दही लावत जायचं. रुमाल संपवायचा नाही. विरजण कधी जुनं होत नाही."

तिने रुमाल कपाळाला लावला.

आठवा आठवडा संपला आणि कंपनीने चाचणी बंद केली. का, ते कुणी सांगितलं नाही. देशभरातल्या सगळ्या कॅप्सूल त्यांनी परत नेल्या, साखर नेली, सगळं कुलूपबंद. दवाखान्यात बायका रडत होत्या. मी नव्हते रडत. मी मनात म्हटलं, न्या तुमच्या गोळ्या. माझ्या फडताळात अख्खं मडकं आहे.

चौदावर आकडा अडला.

एक आठवडा चौदा. दुसरा आठवडा चौदा. मग पंधरा. मी फुंकणी बदलून आणली, तर तिनेही पंधराच दाखवले. मग सतरा, अठरा. ह्यांचं पोट पाण्याने फुगायला लागलं, बोलता बोलता गावांची नावं विसरायचे, नद्यांची नावं विसरायचे. भूगोलाचा माणूस, आणि मला विचारायचा की कृष्णा कुठल्या बाजूला वाहते.

दही चुकत असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दही तर रोज तसंच लागत होतं. मग चुकतंय कोण?

"तू बाहेर खातेस," मी ऋजूला म्हटलं.

"नाही गं आई."

"फुंकणी खोटं बोलते का मग? ऑफिसात वाढदिवस असतात, भेळ असते, मला का ठाऊक नाही? बाप मरायला टेकलाय आणि तुझी जीभ सुटत नाही!"

त्या दिवसापासून तिने जेवणच सोडलं. सकाळी वाटीभर माझं दही, रात्री वाटीभर माझं दही, मध्ये पाणी. मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं, मी आई आहे आणि तरी मला बरं वाटलं. वजन भराभर उतरत होतं. गाल बसले, केस गळून मोरीत साचायला लागले. आणि आकडा? एकवीस. तेवीस. मी तिच्या पर्सा उघडून बघायची, कुठे बिस्किटाचा कागद सापडतो का म्हणून. एकदा तिच्यासमोरच उघडली. ती नुसती बघत उभी राहिली.

एका दुपारी महापालिकेतून फोन आला. ऋजुता मॅडम तपासणीच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडल्या.

डॉ. बेडकीहाळांनी तिला सलाईन लावलं आणि मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"हिने अन्न किती दिवस सोडलंय? ताई, इतक्या झपाट्याने उपाशी राहिलं की अंगभरची चरबी सुटून यकृताकडेच धाव घेते. आकडा वाढणारच. तिला हे कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मग बांध फुटल्यासारखं सगळंच सांगितलं. तिसरी कॅप्सूल, मडकं, विरजण. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस लावताय हे दही?"

"चार महिने. एक दिवस खंड नाही!" बघा, तेव्हासुद्धा मी हे अभिमानानेच म्हटलं.

"ताई, तो दारू खायचा गुण त्या जंतूंचा स्वतःचा नाही. आम्ही वरून चिकटवलेला. एक छोटी कडी असते, ती जंतूने पाठीवर वागवायची. त्या खास साखरेत जगायचं तर ती कडी लागते, म्हणून तो ती टाकत नाही. तुमच्या दुधात ती साखर नाही. तिथे ती कडी म्हणजे नुसतं ओझं. एखादा जंतू ती टाकतो, हलका होतो, भराभर वाढतो. रोज तुम्ही नवं दही लावता म्हणजे त्यांच्या सहा-सात पिढ्या होतात. महिनाभरात ओझंवाले संपले, हलके उरले. दही लागतंय, छान लागतंय. पण ते आता नुसतं दही आहे."

"म्हणजे तीन महिने ह्यांच्या पोटात…"

"नुसतं दही."

"मग पहिल्या दिवसांतलं दही असतं तर?"

"तर काम झालं असतं. पण ते आता कुठून आणणार? आणि श्रीनिवासरावांकडे आता जेमतेम सहा आठवडे आहेत."

विरजण कधी जुनं होत नाही. लेकीला उपाशी मारलं मी, तिच्या पर्सा उचकल्या, आणि चोर माझ्याच मडक्यात बसला होता. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तोंडात पदर कोंबून रडले. आणि रडता रडता एकदम आठवलं. निळ्या फुलाचा रुमाल! तिसऱ्या दिवसाचं दही. वाळलेला जंतू वाढत नाही, झोपून राहतो, हे विरजण धाडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. वाढला नाही म्हणजे पिढ्या झाल्या नाहीत. पिढ्या झाल्या नाहीत म्हणजे पाठीवरचं ओझं अजून पाठीवरच असणार.

डॉक्टरांना मी हे बोलले नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, किंवा मायाप्पाचं काय असं विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीने निघाले. आदल्या रात्रीच नवा कोरा रुमाल घरच्या दह्यात बुडवून, पंख्याखाली वाळवून पिशवीत टाकला. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, असं मनाशी म्हटलं. खोटं कशाला सांगू? घडी घालताना तो कशासाठी घेतेय हे मला पुरतं ठाऊक होतं.

वाडीवर पोहोचले तेव्हा मायाप्पा बाभळीखाली बसून दोर वळत होता. मी त्याला ओळखलंच नाही. डोळे पांढरेशुभ्र, अंगावर मूठभर मांस. मला बघून तो लगबगीने उठला आणि पाया पडला.

"तुमच्या रुमालानं जगलो बघा वैनी," तो म्हणाला. "फुंकणी आता शून्य दाखवती. सरपंचाम्होरं फुंकून दावली म्या! पोरीची सोयरीक परत जुळली."

सत्यव्वाने शेळीच्या दुधाचा चहा केला. मी घोट घेत विचारलं, "दही कसं लावतेस गं?"

ती ओशाळली. "रागवू नगा वैनी. तुम्ही सांगितलं तसं न्हाई जमलं. हितं ऊन लई, तिसऱ्या दिसाला दही आंबट ढाण हुतंय. मग मी ते टाकती आन् आठ दिसाला रुमालाचा तळहाताएवढा तुकडा कापून नव्यानं लावती. चुकतंय का?"

मी कप खाली ठेवला. सांगलीतली मी, तीस वर्षांची दहीवाली, तिथे रोज मेलेलं विरजण पुढे ढकलत होते, आणि ही बाई दही नासतं म्हणून दर आठवड्याला पहिल्या दिवसावर परत जात होती.

"चुकत नाही," मी म्हटलं. "रुमाल किती उरलाय?"

तिने पत्र्याचा डबा आणला. आत निळ्या फुलाचा कोपरा आणि त्याला लागून चार बोटं कापड. अगदी जपून कापले तर नखाएवढे सहा तुकडे निघाले असते. सहा आठवडे. ह्यांच्याकडेही तेवढेच होते.

"आता ह्ये सरलं की कसं करावं म्हणून घोर लागला हुता," सत्यव्वा म्हणाली. तेवढ्यात तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या रुमालावर गेली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! नवा आणलाय व्हय? देवमाणूस हाय तुम्ही. मग ह्यो जुना टाकूनच देती, आता वास बी उडालाय त्येचा."

"टाकू नको," मी म्हटलं. "माझ्या आईच्या हातचं फूल आहे ते. इकडे दे."

तिने दिला. मी माझा तिला दिला. तिने तो कपाळाला लावला, पहिल्यासारखाच.

एसटीत मी रुमाल पोलक्यात धरून बसले होते. परत जावं, सांगावं, असं प्रत्येक फाट्यावर वाटलं, आणि प्रत्येक फाटा मागे जाऊ दिला. मनात एकच. सहा तुकडे, निम्मे तिला दिले तर तीन उरतात, तीन आठवड्यांत तेवीसचे दहा होत नाहीत. मायाप्पा आता बरा आहे. त्याला काही होणार नाही. महिना-दोन महिने तरी होणार नाही. असं मी स्वतःला जतपासून मिरजेपर्यंत सांगत आले.

घरी येऊन पहिला तुकडा दुधात टाकला, सकाळी ओल्या नारळाचा वास आला, तेव्हाच कळलं की साधलं. ऋजूला घरी आणून नीट जेवू-खाऊ घातलं, भाकरी, भाजी, डाळ, आणि रोज ते दही. हात जोडून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं." पण पुढे कितीतरी दिवस माझ्यासमोर जेवताना ती प्रत्येक घास घ्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. विरजण कुठून आणलं, हे तिने दोनदा विचारलं. मी दोनदा दुसरंच बोलले.

दर आठवड्याला नवा तुकडा. वीस. सतरा. चौदा. त्या चौदाला मला फुंकणीकडे बघवेना म्हणून मी मोरीत जाऊन उभी राहिले. मग अकरा. हे तोवर दवाखान्यातच, मला ओळखायचे कधी, कधी नाही. पाचवा तुकडा संपला त्या सकाळी ऋजूने फुंकणी माझ्यासमोर धरली. नऊ.

एक तुकडा उरला, निळ्या फुलाचा. तो मी ह्यांच्यासाठी राखला. यकृत नवं बसलं तरी आतडी तीच, जंतू तेच. निदान सुरुवातीला आधार.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघांना सकाळी सातला आत नेलं. ऋजू जाताना म्हणाली, "आई, काही खाऊन घे." मी बाहेरच्या बाकावर बसले. दुपारी एकच्या सुमाराला नर्सने सांगितलं, तुकडा काढलाय, चांगला आहे, आता बसवताहेत. मी हात जोडले आणि डोळे उघडले, तर समोर सत्यव्वा.

एका हातात गाडगं, दुसऱ्या हाताने मायाप्पाला धरलेलं. मायाप्पा भिंतीला टेकून उभा होता. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले.

"वैनी! डाक्टरीण बाई म्हणल्या, तुमच्या मालकांचं आज हाय. रोग्याला म्हणून दही आणलंय, तुमच्याच विरजणाचं." तिने गाडगं बाकावर ठेवलं. मग आवाज खाली आणला. "नव्या रुमालाचं दही लई झ्याक लागतंय बघा. घट्ट, गोड. पर ह्यास्नी लागू पडंना. माझंच कायतरी चुकतंय. जरा सांगता का, कुठं चुकतंय?"

ती माझ्याकडे शिकायला आली होती. मी काहीही सांगितलं असतं तरी तिने खरं मानलं असतं. दूध जास्त तापवतेस, म्हटलं असतं तरी.

"सत्यव्वा, बस," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कडी, ओझं, पिढ्या, दोन रुमाल. तिला किती कळलं ठाऊक नाही. नको तेवढं नेमकं कळलं.

"म्हंजी त्यो रुमाल निकामी हाय, ह्ये देताना तुला ठावं हुतं?"

पहिल्यांदाच तिने मला 'तू' म्हटलं.

"होतं."

मायाप्पा जमिनीवर बसला, त्याला उभं राहवत नव्हतं. मला वाटलं ती ओरडेल, गाडगं फोडेल, मारेल. मारायला हवं होतं.

"उरलाय का?" तिने विचारलं.

मी पोलक्यातून कागदाची पुडी काढली. निळं फूल. ह्यांचा आधार. दिली.

तिने ते नखाएवढं कापड उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच हिशेब करावा तशी बोलली, "ह्याचं दही लावायचं, आन् पयल्याच दिशी त्यात धा रुमाल भिजवून वाळवायचं. धा घरास्नी पुरलं असतं. तवाच सांगितलं असतंस तर तुझ्या माणसाला बी झालं असतं, माझ्या बी. न्हाई व्हय?"

खरंच की! एका तुकड्याचं मडकंभर दही, मडकंभर दह्यात हवे तेवढे रुमाल, आणि पिढ्या झाल्या असत्या फक्त सहा-सात. तीस वर्षं विरजण वाटत आले मी. लग्नातल्या डब्यापासून वाटत आले. नेमकं त्या एकदाच धरून ठेवलं, आणि वाटल्याने ते वाढतं हे डोक्यातूनच गेलं. सहा भागिले दोन, तीन. एवढंच गणित करत मी जत ते मिरज बसून आले होते.

"होय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने पुडी कनवटीला लावली. मायाप्पाच्या बगलेत हात घालून त्याला उठवलं. तो एकदम उठू शकला नाही, दोनदा प्रयत्न करावा लागला. मी मदतीला पुढे झाले तर तिने कोपराने मला मागे सारलं.

चार पावलं जाऊन ती थांबली.

"धा रुमाल करती. त्यातला येक तुझ्या मालकांसाठी काढून ठेवती," ती म्हणाली. "न्यायला तू येऊ नगंस. पोरीला धाड."

जिन्याने ती दोघं एकेक पायरी उतरत गेली. बाकावर गाडगं तसंच होतं. मी झाकण काढलं. दही सुरेख लागलं होतं, सुरीने कापावं असं. त्याला वास कसलाच नव्हता.